७८६ची नोट, दहाचे नाणे आणि टांकसाळीची खरी चूक

आपल्याकडे नाण्यांबद्दल दोन गैरसमज एकाच वेळी सुखाने नांदत आहेत. किराणा दुकानदार सरकारने पाडलेले दहाचे नाणे "हे चालत नाही" म्हणून परत करतो. त्याच दुकानदाराच्या मोबाईलवर त्याच वेळी पाच रुपयांच्या एका नाण्याचे पाच लाख मिळतील असे सांगणारा व्हिडिओ चालू असतो. खरे नाणे त्याला खोटे वाटते आणि खोटा दावा खरा वाटतो. दोन्ही वेळा त्याने एक गोष्ट केलेली नसते, ती म्हणजे नाणे हातात घेऊन नीट पाहणे.

हा विषय छंदाचा आहे, रिकामटेकड्यांचा आहे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी गल्ल्यात साठवलेल्या दोन जुन्या नाण्यांचे फोटो असेच एका नंबरवर पाठवले. "तुमचे नाणे पास झाले, साडेतीन लाख मंजूर" असे उत्तर आले. मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग कुरिअरचा विमा. दर वेळी रक्कम थोडी, म्हणून दर वेळी "एवढे भरू, मग सुटलो" हा विचार. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे चार हप्त्यांत गेले आणि नंबर बंद झाला. खालांनी घरात कोणाला सांगितले नाही, कारण लोक हसतील याची भीती. फसवणाऱ्याचा खरा आधार ही भीतीच असते.

या फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचे नाव सर्रास वापरले जाते. ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने पत्रक काढून स्पष्ट केले होते की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, ती त्यासाठी कसलेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. पत्रक निघाले, वर्तमानपत्रांत आले आणि विसरले गेले. कारण पत्रक "विश्वास ठेवू नका" एवढेच सांगते. नाणे कसे पाहावे हे ते शिकवत नाही. ज्याला पाहता येते त्याला फसवणे अवघड असते, म्हणून हा लेख.

आधी ७८६ची गोष्ट, कारण ती खास आपल्यासाठी तयार केलेली आहे. अब्जद पद्धतीने प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. 'बिस्मि'चे १०२, 'अल्लाह'चे ६६, 'अर्रहमान'चे ३२९ आणि 'अर्रहीम'चे २८९, बेरीज ७८६. हा आपल्या उपखंडातला रिवाज आहे. कुरआनात किंवा हदीसमध्ये तो नाही आणि अनेक उलेमांनी त्यावर आक्षेपही घेतलेला आहे. ज्याला तो आकडा जपायचा आहे त्याने जरूर जपावा, माझी हरकत नाही. पण त्याची किंमत लाखांत सांगितली जाते तेव्हा गणित करायला हवे. नोटेवर अक्षरांच्या मालिकेनंतर सहा आकडी क्रमांक असतो. सहा आकड्यांत ७८६ हे तीन आकडे सलग चार ठिकाणी बसू शकतात, आणि प्रत्येक ठिकाणी उरलेल्या तीन आकड्यांच्या एक हजार जोडण्या होतात. झाले चार हजार. त्यात ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला गेला, तो एकदा वजा करा. म्हणजे दर दहा लाख क्रमांकांत ३,९९९. साधारण दर अडीचशे नोटांमागे एक. तुमच्या आमच्या हातांतून आयुष्यात अशा कितीतरी नोटा गेल्या असतील. सातवीच्या मुलाला समजेल एवढेच हे गणित आहे.

आणि कोणी असे समजू नये की हा सापळा फक्त आपल्याला लावला आहे. २०१२ मध्ये माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्य महोत्सवानिमित्त पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती रोजच्या व्यवहारासाठीच पाडलेली होती. आज तीच नाणी 'लाखोंचे नाणे' म्हणून आपल्या हिंदू शेजाऱ्यांना दाखवली जातात. आपल्याला ७८६, त्यांना वैष्णोदेवी. वेष्टन धर्माप्रमाणे बदलते, आतला माल तोच. श्रद्धेच्या वस्तूला कोणी शंका विचारत नाही, हे फसवणाऱ्याला पक्के माहीत असते.

आता टांकसाळीच्या चुकीकडे येऊ. चुकीची नाणी असतात, ती बाजारात येतात आणि अभ्यासक ती आवडीने जमवतात, हे खरे आहे. कोट्यवधी नाणी पाडणाऱ्या यंत्रातून थोडी बिघडलेली नाणी तपासणी चुकवून निसटणारच. प्रश्न एवढाच, की आपल्या हातातले नाणे टांकसाळीत बिघडले की टांकसाळीबाहेर?

त्यासाठी नाणे कसे बनते ते थोडक्यात. धातूच्या पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. त्यांची कड थोडी उचलली जाते. मग चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती एक कडे असते, आणि प्रचंड दाबाखाली एका क्षणात दोन्ही बाजू आणि कड एकदम तयार होतात. आपला 'सिक्का' हा शब्द अरबीतून आला आणि अरबीत त्याचा एक जुना अर्थ नाणे पाडण्याचा ठसा असाच आहे. मराठीतला 'शिक्का' आणि 'सराफ' हेही तिकडचेच. सराफ म्हणजे नाणे पारखणारा. हे शब्द घरात असलेल्या माणसांनी पारख विसरावी, हे बरे नाही.

चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, ठशात, किंवा ठोका पडताना. याच्या बाहेरची प्रत्येक खूण म्हणजे चूक नसून इजा आहे.

ठशाचे उदाहरण घरातले घेऊ. मोदकाच्या लाकडी साच्याला तडा गेला तर मोदकावर काय उमटते? खाच नाही, उंच रेघ उमटते. कारण तड्यात सारण भरते. नाण्याचेही तसेच. ठशाला तडा गेला तर धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक, उंच, वेडीवाकडी रेघ येते. म्हणून पहिला प्रश्न हा: खूण उंच आहे की खोल? उंच असेल तर ती ठशातून आलेली असण्याची शक्यता आहे. खोल असेल तर ती बहुतेक वेळा किल्ली, दगड, खिळा किंवा कोणाच्या तरी हातांची करामत असते. एवढ्या एका प्रश्नाने दहातली आठ 'दुर्मीळ' नाणी खाली ठेवता येतात.

याच्या उलट, ठशाच्या खाचेत तेल आणि धातूची भुकटी साचली तर तेवढे अक्षर किंवा आकडा नाण्यावर पुसट येतो किंवा येतच नाही. पण तिथला पृष्ठभाग गुळगुळीत आणि बाकी नाण्यासारखाच चमकदार राहतो. कानशीने किंवा सिमेंटवर घासून आकडा घालवला असेल तर भिंगातून एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. 'सालाचा आकडाच नाही' म्हणून मिरवणारी बरीच नाणी या दुसऱ्या जातीची असतात.

दोन ठसे एकमेकांशी सरळ बसलेले नसतील तर नाणे 'फिरलेले' येते. आपल्या नाण्यांवर दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाणे सरळ धरून पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटा. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. थोडेसे कलले असेल तर त्यात विशेष काही नाही, पण मागची बाजू आडवी किंवा पूर्ण उलटी आली तर ती खरी चूक. ही तपासणी मुलांनाही येते आणि यात बनवाबनवी करणे कठीण आहे.

चकतीची चूक म्हणजे बहुधा कापलेली कड. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या छिद्रावर पाते पडले की चंद्रकोरीएवढा तुकडा कमी असलेली चकती तयार होते. तिच्यावर ठोका पडतो तेव्हा कमी असलेल्या बाजूच्या बरोबर समोरची कड बहुतेक वेळा पुसट किंवा बसकी राहते, कारण चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी पुरेसा दाबच मिळालेला नसतो. शिवाय कापलेल्या जागेजवळची अक्षरे किंचित ओघळलेली दिसतात. कटरने किंवा कानशीने तुकडा काढलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी थेट तुटतात.

ठोका पडताना होणारी सर्वांत प्रसिद्ध चूक म्हणजे संग्राहक जिला 'लाखी' म्हणतात ती. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्यावरच ठोकली जाते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचे उठावाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे येते. हे नाणे खरेच हवेहवेसे असते, म्हणूनच त्याची नक्कल सर्वांत जास्त. दोन नाणी एकमेकांवर ठेवून पान्यात आवळली की एकाची अक्षरे दुसऱ्यात उलटी रुततात. फरक कसा ओळखावा? पान्यातल्या नाण्यावर मूळ चित्र पूर्ण गेलेले नसते. चेपलेल्या सिंहमुद्रेवर उलटी अक्षरे उमटलेली दिसतात, म्हणजे एकाच बाजूवर दोन चित्रे, आणि पाठीमागची बाजूही दाबाने सपाट झालेली असते. खऱ्या लाखीत पाठीमागची बाजू कोरी करकरीत, ठसठशीत असते.

ठोका बाजूला सरकला तर एका बाजूला चित्र आणि उरलेली जागा कोरी, असे नाणे येते. इथे दोन्ही बाजूंची साक्ष जुळली पाहिजे. पुढच्या बाजूची कोरी जागा डावीकडे असेल तर पान उलटल्यावर मागच्या बाजूची कोरी जागा उजवीकडेच यायला हवी. एक बाजू सरकलेली आणि दुसरी जागेवर, असे दिसले तर शंका घ्यावी. साक्षीदार दोन असतील तर त्यांचे म्हणणे जुळते का हे पाहण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. ती इथेही लागू पडते.

दहाच्या नाण्यात दोन धातू असल्यामुळे 'मधला भागच नाही' अशी कडी विकायला येतात. मधला भाग नसतानाच ठोका पडला असेल तर बाहेरच्या कड्याचा धातू आत पसरलेला असतो आणि छिद्राची कड गोलसर, ओघळलेली असते. नंतर ठोकून मधला भाग काढला असेल तर छिद्र साफ, गोल आणि आतल्या बाजूला मधला भाग बसवल्याची खूण स्पष्ट असते.

साधने फार लागत नाहीत. एक दहापट भिंग, एक चुंबक आणि मोहल्ल्यातल्या सोनाराचा काटा. २०११ पासूनच्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, दोनचे नाणे ४.८५ ग्रॅम, पाचचे ६ ग्रॅम. रुपया आणि दोनचे नाणे पोलादी असल्याने चुंबकाला चिकटतात, पाचचे पितळी नाणे चिकटत नाही. चुकीच्या चकतीवर पाडलेले नाणे वजनात आणि चुंबकापुढे लगेच उघडे पडते. पण आधी साल पाहावे. १९९२ पासूनचा जुना पोलादी रुपयाही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचाच होता, म्हणजे पुढे आलेल्या दोनच्या नाण्याएवढा. साल न पाहता "रुपया दोनच्या चकतीवर पडला" म्हणणारे भेटतात. तसेच सोनेरी झालेला रुपया म्हणजे मुलामा किंवा तापवलेले नाणे, टांकसाळीची चूक नव्हे.

मग ज्या गोष्टी चूक नाहीतच त्यांचे काय? सालाखाली मुंबईचा चौकोनी हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. "याच्यावर खूणच नाही, म्हणजे चूक" हा दावा तिथेच संपतो. १९८५ मध्ये आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली होती. त्यांवर वेगळ्या खुणा आहेत आणि त्या मुद्दाम आहेत. शिवराईवर अक्षरे अर्धीच आहेत म्हणून ती 'एरर' म्हणून विकणारे महाभागही आहेत. हाताने ठोकलेल्या नाण्यांत चकती ठशापेक्षा लहान असणे नेहमीचेच. मोगल रुपयांतही पूर्ण मजकूर क्वचितच मावतो. यंत्राच्या काळातला नियम हातोड्याच्या काळाला लावता येत नाही.

आणि दहाचे नाणे? काहींवर पंधरा किरणे आहेत, काहींवर दहा. काहींवर रुपयाचे चिन्ह आहे, काहींवर नाही, कारण ते चिन्हच २०१० मध्ये ठरले. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितले की तोपर्यंतच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. तरी गावोगाव ती नाकारली जातात आणि नुकसान होते ते भाजीवाल्याचे, रिक्षावाल्याचे, दिवसभराची कमाई नाण्यांत मिळणाऱ्या माणसाचे.

दोन आक्षेप मला ऐकवले जातात. पहिला असा, की गरिबाला थोडी आशा मिळत असेल तर तुमचे काय जाते? आशेला माझा विरोध नाही. पण ही आशा फुकट नसते, तिची नोंदणी फी असते. आणि खरी चूक सापडली तरी बहुतेक किरकोळ चुकांना दर्शनी किमतीच्या वर फारसे कोणी देत नाही. ठळक लाखी किंवा बऱ्यापैकी सरकलेल्या ठोक्याला संग्राहक पैसे देतात, पण त्याचे घर होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "आम्ही कोणाला फसवत नाही, फक्त नाणे विकतो. घेणाऱ्याने पाहून घ्यावे." आपल्या काही तरुणांनी पान्यात आवळलेली नाणी ऑनलाइन विकायला सुरुवात केली आहे, त्यांचे हे उत्तर. त्यांना मी एकच प्रसंग आठवायला सांगतो. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, असा त्याला प्रश्न झाला. मालातला दोष लपवणे म्हणजे फसवणूक, ही शिकवण आपण लहानपणापासून मक्तबमध्ये ऐकतो. मापात-तोलात खोट करणाऱ्यांवर तर कुरआनात एका सूरहचे नावच आहे, अल-मुतफ्फिफीन. पान्यात आवळलेले नाणे 'टांकसाळीची चूक' म्हणून विकणे आणि ओल्या धान्यावर कोरडे पसरणे यात मला काही फरक दिसत नाही. नाण्यावर कोणता आकडा किंवा कोणाचे नाव आहे, याने तो फरक पडत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. मुलांना नाणी जमवू द्या. भूगोल, इतिहास, धातू, गणित सगळे त्यात येते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. सहल तिकडे न्यायला हरकत नाही. वेगळे वाटणारे नाणे सापडले तर ते धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंचेने चमकवू नका. कागदी पाकिटात ठेवा आणि जाणकाराच्या हातात प्रत्यक्ष द्या. नाणे बघायच्या आधी किंमत सांगणारा आणि विकत घेण्याआधी तुमच्याकडूनच पैसे मागणारा, दोघेही लबाड समजा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आणि उद्या कोणी तुमच्यापुढे दहाचे नाणे ठेवले तर ते घ्या. ते चालते.